दफनभूमीचं फाटक आणि नोंदवही, दोन्ही उघडा

माननीय संचालक आणि मालमत्ता समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

जुन्या मनोरुग्णालयामागच्या दफनभूमीबाबत आपण अलीकडे दोन निर्णय घेतलेत. एक असा की, तिथे जायचं असेल तर मृताशी असलेलं नातं सिद्ध करणारी कागदपत्रं जोडून अर्ज करायचा, आणि मंजुरी मिळाली तर सुरक्षारक्षकाच्या सोबतीने अर्धा तास आत जायचं. दुसरा असा की, त्या जागेचं ‘सपाटीकरण व सुशोभीकरण’ करून मधोमध ‘ज्ञात-अज्ञात रुग्णांच्या स्मरणार्थ’ अशी एक शिला बसवायची. दोन्ही निर्णयांमागचा हेतू वाईट नसावा असं मी धरून चालते. तरीही ते मला मान्य नाहीत. कार्यालयाकडे केलेल्या अर्जांची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

माझा संबंध काय, ते आधी सांगते. माझ्या आजीची धाकटी बहीण त्या जमिनीत आहे. तिला फिट्स यायच्या. त्या काळी अपस्माराचे रुग्ण सर्रास मनोरुग्णालयात ठेवले जात, तशी तीही ठेवली गेली आणि तिथून परत आली नाही. तिच्या हयातीतच, १९३८ साली, फेनिटॉइन हे औषध फिट्स आटोक्यात ठेवतं हे सिद्ध झालं होतं. आज हाच आजार असलेली माणसं बाह्यरुग्ण विभागात येतात, चिठ्ठी घेतात, कामावर जातात. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण घरातल्या इतरांना विचारल्याशिवाय ते जाहीर करणं मला बरं वाटत नाही. हा मुद्दा पुढे येणार आहे.

आजीच्या कागदपत्रांत रुग्णालयाचं एक छापील पत्र सापडलं. मजकूर आधीच छापलेला, गाळलेल्या जागा शाईने भरलेल्या. रुग्ण अमुक तारखेला मरण पावली, चोवीस तासांत कोणी देह न्यायला आलं नाही तर आवारातच दफन होईल, असा त्याचा आशय. वर तारीख मंगळवारची, पाकिटावर टपालाचा शिक्का शुक्रवारचा. म्हणजे पत्र पेटीत पडायच्या आधीच मुदत संपलेली होती. ‘नातेवाइकांनीच टाकून दिलेले लोक’ असं आपल्या टिपणात लिहिलंय. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. आमच्या घरातही तिचा विषय निघाला की माणसं उठून आत जात. पण छापील पत्र, चोवीस तासांची मुदत आणि तीन दिवसांनी पडलेला शिक्का हाही टाकून देण्याचाच एक प्रकार आहे. त्याची सगळी जबाबदारी एकट्या कुटुंबांवर ढकलू नका.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार नात्याच्या पुराव्याची. मी कुणाची नातेवाईक आहे हे सिद्ध करायला मला दफनाच्या नोंदीतला तिचा क्रमांक द्यावा लागतो. तो क्रमांक आहे आपल्या नोंदवहीत. नोंदवही मागितली तर खिडकीवरून सांगतात, ‘ती गोपनीय आहे, फक्त नातेवाइकांना दाखवतो.’ नातेवाईक आहे म्हटलं तर विचारतात, ‘पुरावा?’ असं हे वर्तुळ आहे. त्या छापील पत्रामुळे मला आत जाता आलं. ज्यांच्या घरी असं पत्र कुणी जपून ठेवलं नाही, त्यांनी काय करायचं? आणि मुळात दफनभूमीत जायला नातं लागावंच का? शेजारच्या खाटेवर वर्षं काढलेली मैत्रीण नातेवाईक नसते. तिथे नोकरी केलेल्या परिचारिकेची मुलगी नातेवाईक नसते. रुग्णालयाच्या इतिहासावर काम करणारा विद्यार्थीही नसतो. यांना आत यायला बंदी कशासाठी?

गोपनीयतेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण प्रत्येक उत्तर तिथे येऊन थांबतं. जिवंत रुग्णाच्या आजाराची माहिती कुणालाही कळता कामा नये, याबाबत मी आपल्याहून कडक आहे. पण मेलेल्या माणसाची गोपनीयता किती काळ, याचा विचार इतरांनी केलेला आहे. अमेरिकेच्या आरोग्यविषयक गोपनीयता नियमात २०१३ साली दुरुस्ती झाली आणि मृत्यूनंतर ५० वर्षांनी ते संरक्षण संपतं असं ठरलं. ओरेगन राज्याच्या मनोरुग्णालयात २००४ च्या सुमारास पाहणीला गेलेल्या लोकप्रतिनिधींना एका शेडमध्ये तांब्याचे सुमारे साडेतीन हजार डबे दिसले. आत दहन केलेल्या रुग्णांच्या अस्थी होत्या, न्यायला कुणी आलेलं नव्हतं. राज्याने पुढे त्यांची नावं प्रसिद्ध केली, २०१४ साली स्मारक उभारलं, आणि यादीत नाव सापडलेल्या कुटुंबांनी डबे नेले. नावं झाकून ठेवली असती तर कोण आलं असतं?

शिवाय मी निदान मागत नाही. वेड होतं का, फिट्स होत्या का, दारू होती का, हे दगडावर कोरा असं कुणीच म्हणत नाही. नाव, जन्माचं वर्ष, मृत्यूचं वर्ष. बास. एवढ्याने ज्याची अब्रू जाते असं वाटतं, त्याच्या डोळ्यांपुढे मृत माणसाची अब्रू नसते, संस्थेची असते. हे मी थोडं कडवट लिहिते आहे याची मला कल्पना आहे. पण त्या नोंदवहीत मृत्यूच्या कारणाचाही एक रकाना असतो, आणि मला वाटतं सगळी गोपनीयता त्या रकान्यापाशी आहे.

कारण जुन्या मनोरुग्णालयांत माणसं वेडाने मरत नसत. क्षयाने मरत, अतिसाराने मरत, दाटीवाटीच्या वॉर्डांतून पसरणाऱ्या साथींनी मरत. मेंदूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसने मरत. पेनिसिलिन येईपर्यंत त्या रुग्णांनी वॉर्डच्या वॉर्ड भरलेले असत. आणि अन्नाने, म्हणजे निकृष्ट अन्नाने, मरत. अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातलं होतं, तेव्हा १९१४ साली जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट हेरली. एकाच इमारतीत राहूनही हा रोग आश्रितांना आणि मनोरुग्णांना होतो, कर्मचाऱ्यांना होत नाही. रोग संसर्गजन्य असता तर त्याने गणवेश पाहून माणसं निवडली नसती. फरक ताटात होता. जॉर्जियातल्या मिलेजव्हिलच्या मनोरुग्णालयात त्यांनी रुग्णांचा आहार सुधारून ते दाखवून दिलं. तेव्हा मृत्यूच्या कारणांचा रकाना हा रुग्णांच्या लाजेचा भाग नव्हे. तो त्या त्या काळच्या कारभाराचा हिशेब आहे, आणि हिशेब म्हणूनच तो अभ्यासकांना, नावं वगळून का होईना, खुला व्हायला हवा.

दुसरी तक्रार सपाटीकरणाची. ही तातडीची आहे.

मी गेले तेव्हा सोबत दिलेले सुरक्षारक्षक वयाने मोठे होते. फाटकातून शिरताच म्हणाले, “ताई, पाय जपून टाका, इथे जमीन बसते.” गवत गुडघ्यापर्यंत होतं, त्यामुळे आधी काही कळेना. मग तिरक्या उन्हात दिसलं. माणसाच्या लांबीचे उथळ खळगे, एकाला लागून एक, सरळ रांगेत. पेटी कुजली की वरची माती खाली बसते, तसे ते झालेले. दगड नाही, खूण नाही, फक्त खळगे. खुणा कुठे गेल्या म्हणून विचारलं तर त्यांनी मला पंपघराच्या मागच्या खोलीशी नेलं. आत लोखंडी सळयांचा ढीग होता. प्रत्येक सळईच्या डोक्याला चपटी चकती, चकतीवर ठोकलेला आकडा. एक उचलून पाहिली. गंज बोटांना लागला, आकडा मात्र स्वच्छ वाचता आला. चकतीच्या कडेला आडवे चरे होते, गवत कापायच्या यंत्राच्या पात्याचे. “पाती मोडायची म्हणून उपटल्या म्हणे,” ते म्हणाले. “माझ्या आधीची गोष्ट.” आपल्या कार्यालयात कुणालाच माहीत नसलेली ही गोष्ट त्यांना माहीत होती. (त्यांच्यावर कारवाई करू नका. माझ्याशी त्या आवारात माणसासारखं बोललेले तेवढेच.)

सळई उपटली की काय होतं, हे आपण लक्षात घेतलेलं दिसत नाही. नोंदवहीत क्रमांकापुढे नाव आहे. जमिनीत क्रमांकाखाली माणूस आहे. दोन्हींना जोडणारी एकच गोष्ट होती, ती सळई, आणि तीही आपल्या जागी उभी असेपर्यंतच. ती निघाली की नोंदवही एकीकडे, माणूस एकीकडे. मिलेजव्हिलला नेमकं हेच झालं. तिथे सुमारे २५,००० रुग्ण पुरलेले आहेत असा अंदाज आहे. १९६० च्या दशकात गवत कापणं सोपं जावं म्हणून हजारो लोखंडी खुणा उपटल्या गेल्या. १९९७ नंतर लोकांनी पुढाकार घेऊन सापडलेल्या दोनेक हजार खुणा पुन्हा रांगेत उभ्या केल्या. पण कुठली खूण कुणाच्या डोक्याशी होती, ते आता कळायचं नाही. ती रांग स्मारक आहे, थडगी नव्हेत.

आपल्याकडे अजून खळगे आहेत. रांगा दिसतात. खोलीत सळया आहेत आणि कपाटात नोंदवही आहे. दफनं क्रमाने होत गेली असतील तर मोजणी करणाऱ्याला पहिल्या रांगेपासून सुरुवात करून पुष्कळ थडगी ओळखता येतील. जमिनीत लहरी सोडून खोदकाम न करता पाहणी करणारी रडार यंत्रं आहेत. ती हाडं दाखवत नाहीत, एकदा उकरून पुन्हा भरलेली माती दाखवतात, आणि चिकणमातीत त्यांची दृष्टी अधू होते. तरी ती पाहणी आणि खळग्यांचा नकाशा एकत्र ठेवला तर बरंच हाती लागतं. यातलं काहीही जेसीबी फिरल्यावर शक्य नाही. रोलर फिरला की खळगे गेले. खळगे गेले की माणसं दुसऱ्यांदा पुरली गेली, आणि या वेळी पत्ता न ठेवता.

तिसरी तक्रार त्या शिलेवरच्या मजकुराची. ‘ज्ञात-अज्ञात.’ त्यांतलं अज्ञात कोण? दाखल करताना नाव लिहून घेतलं, वय लिहिलं, वजन लिहिलं, मेल्यावर तारीख आणि वॉर्ड लिहिला. एवढं लिहिलेली माणसं अज्ञात कशी होतात? ती आपण अज्ञात ठेवलेली आहेत. शिला बसवायला माझा विरोध नाही. नावांच्या ऐवजी शिला, याला आहे.

आणि शिलेवर काही लिहायचंच असेल तर हेही लिहा की अशा दफनभूमीतले खड्डे पुष्कळदा रुग्णांनीच खणलेले असत. न्यूयॉर्क राज्यातल्या विलार्डच्या मनोरुग्णालयात लॉरेन्स मोका नावाच्या एका रुग्णाने दीड हजारांवर थडगी खणली. १९६८ साली तो वारला आणि त्याच जमिनीत पुरला गेला, नावाशिवाय. त्याच्या स्मरणार्थ नाव कोरलेली खूण बसायला २०१५ साल उजाडलं, तेही बाहेरच्या लोकांनी पाठपुरावा केल्यावर. हे रुग्णालय बंद होत असताना, १९९५ साली, माळ्यावर रुग्णांच्या सुमारे चारशे सुटकेस सापडल्या होत्या. त्या जपल्या गेल्या, त्यांचे फोटो निघाले, प्रदर्शनं भरली. वस्तूंना नशीब लाभलं. माणसाला नाव मिळायला त्यानंतर वीस वर्षं लागली.

चौथी गोष्ट, फाटकाला कुलूप लावण्यामागे आपण दिलेलं कारण. रात्री मुलं भिंतीवरून उड्या मारून येतात, भुताचे व्हिडिओ काढतात, बाटल्या फोडतात. हे खरं आहे, आत मीही काचा पाहिल्या. पण याचा बंदोबस्त म्हणजे रात्री कुलूप आणि दिवसा उघडं फाटक. जिथे दिवसा माणसं येतात, फुलं ठेवतात, बाकावर बसतात, तिथे रात्रीची गर्दी आपोआप ओसरते. जागा ओसाड ठेवायची आणि तिथे भुताच्या गोष्टी वाढल्या म्हणून तक्रार करायची, हे काही बरोबर नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅमला एका बंद पडलेल्या मनोरुग्णालयाची आणि मतिमंदांच्या शाळेची अशी एक सामाईक दफनभूमी आहे. सुमारे तीनशे थडगी, प्रत्येकावर फक्त आकडा आणि ‘सी’ किंवा ‘पी’, म्हणजे कॅथलिक की प्रोटेस्टंट एवढंच. जवळच्या शाळेतल्या मुलांनी जुन्या नोंदी तपासून तिथल्या माणसांची चरित्रं लिहून काढली. शाळकरी मुलांनी! आपण आमच्या मुलांना इथल्या दफनभूमीत यायला बंदी केली आहे.

पाचवी, जी मी फार ताणत नाही, कारण मला अजून फक्त शंका आहे. सुशोभीकरणानंतर पुढचं पाऊल काय? इंग्लंडमधल्या एप्सम इथे पाच मनोरुग्णालयांची मिळून एक दफनभूमी होती. १८९९ ते १९५५ या काळात तिथे सुमारे ९,००० माणसं पुरली गेली, आणि १९८३ साली ती जमीन खाजगी मालकाला विकली गेली. आजही ती रानाने झाकलेली आहे आणि वंशजांचा झगडा चालूच आहे. अमेरिकेत मिसिसिपीतल्या जॅक्सनला जुन्या मनोरुग्णालयाची जागा वैद्यकीय विद्यापीठाकडे गेली. २०१२ साली आवारात रस्ता करताना ६६ शवपेट्या निघाल्या, आणि नंतरच्या अंदाजानुसार तिथे ७,००० पर्यंत माणसं असावीत. जमिनीच्या कागदावर दफनभूमी असं लिहिलेलं नसलं की जमीन फक्त जमीन उरते. आपल्या नव्या आराखड्यात त्या जागेपुढे ‘हरित पट्टा’ लिहिलंय. मला तो शब्द नको आहे.

मागण्या सांगते. त्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही.

सपाटीकरणाचं काम आजच थांबवा. आधी रांगांची मोजणी, नकाशा, जिथे उपयोग होईल तिथे रडारची पाहणी, आणि हे सगळं नोंदवहीशी ताडून झाल्यावरच पुढचा विचार. पंपघरामागच्या सळया भंगारात काढू नका. त्यांची यादी करा, फोटो काढा, कोरड्या जागी ठेवा.

ज्यांच्या मृत्यूला ५० वर्षं होऊन गेली आहेत त्यांची नावं आणि मृत्यूची वर्षं प्रसिद्ध करा. निदान प्रसिद्ध करू नका. ज्या कुटुंबाला नाव नको असेल त्याला हरकत घ्यायला पुरेसा अवधी द्या, आणि त्याची हरकत माना. माझ्या घरी कुणी हरकत घेतली तर मला वाईट वाटेल, पण तो आमचा आपसातला वाद असेल, आमच्या वतीने कार्यालयाने आधीच घेतलेला निर्णय नसेल. ५० वर्षांच्या आतल्या नोंदींसाठी जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं माना. आमच्याकडून आमच्याकडे नसलेला कागद मागू नका.

फाटक सकाळपासून संध्याकाळपर्यंत, अर्जाशिवाय, सगळ्यांना उघडं ठेवा. एक पायवाट हवी, कारण येणारी बरीच माणसं म्हातारी आहेत आणि ती जमीन खरंच बसते. एक बाक, एक पाण्याचा नळ. कारंजं नको.

थडग्यांवर नावं लावण्याचं काम टप्प्याटप्प्याने झालं तरी चालेल. मिनेसोटा राज्यात १९९४ पासून माजी रुग्णांच्या आणि अपंगांच्या संघटना क्रमांकांच्या जागी नावाचे दगड बसवत आल्या आहेत, आणि २०१० साली तिथल्या विधिमंडळाने राज्याच्या संस्थांमधल्या वागणुकीबद्दल माफीचा ठराव केला. आपण माफी मागावी असं मी म्हणत नाही. माफी देण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. मला दगड हवे आहेत.

जमिनीच्या अधिकृत नोंदीत आणि आराखड्यात ‘दफनभूमी’ असा स्पष्ट उल्लेख करा, म्हणजे उद्या आपल्या जागी कोणीही आलं तरी तो पुसता येणार नाही. आणि यावर देखरेख करणाऱ्या समितीत नातेवाइकांबरोबर आज उपचार घेणारे आणि बरे होऊन घरी गेलेले रुग्णही घ्या. आपल्याआधी तिथे गेलेल्यांचं काय केलं जातं, हे ते आमच्यापेक्षा बारकाईने पाहत असतात.

काम थांबवल्याचा आदेश निघाला असेल तर त्याची प्रत, निघाला नसेल तर न काढण्याचं कारण, दोन्हींपैकी जे असेल ते लेखी कळवावं. छापील नमुन्यातलं उत्तर पाठवू नये, ही विनंती.

कळावे,

दफनभूमीतल्या एका रुग्णाच्या बहिणीची नात